कोल्हापूर ते कल्याण, आत्याच्या शिलाई मशीनसोबत

आत्याचं मशीन शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतून कल्याणला आणायचं ठरलं, तेव्हा घरातले सगळे म्हणाले, टेम्पोत टाक आणि मोकळी हो. मी ऐकलं नाही. माझं पहिलं मशीन मी असंच एका खासगी बसच्या डिकीत टाकून नेलं होतं. क्लीनरनं ते चाकाच्या बाजूवर आडवं केलं आणि वर लोकांच्या बॅगा रचल्या. घरी लावून बघते तर चाक फिरताना लचकतंय. आतला शाफ्ट वाकला होता. दोनदा दुरुस्त करून घेतलं, पण टाका पहिल्यासारखा पडला नाही तो नाहीच.

आत्याचं मशीन जुनं, काळं, पायानं चालवायचं. वजनदार म्हणून ते दणकट असणार असं वाटतं, तिथंच माणूस फसतो. हे सगळं बीड, म्हणजे ओतीव लोखंड. कोल्हापूरच्या माणसाला बिडाचा स्वभाव वेगळा सांगायला नको, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत निम्म्या घरांचं कुणी ना कुणी कामाला असतं. बीड वाकत नाही, तडकतं. आणि तडकलेलं बीड वेल्डिंगला सहजासहजी दाद देत नाही. म्हणून पहिला नियम हाच: हेड, म्हणजे वरचं मशीन, आणि स्टँड, म्हणजे खालची पायडलची चौकट, वेगळं करायचं, हेड आपल्याबरोबर न्यायचं, स्टँड मागाहून मागवायचं.

वेगळं कसं करायचं ते आत्यानंच दाखवलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी गल्लीत आलं, तेव्हा तिनं शेजारच्या पोराला हाताशी घेऊन हेड सोडवलं आणि माळ्यावर चढवलं होतं. स्टँड पाण्यात राहिलं, त्याच्या पायांवर गंजाची रेघ अजून आहे. आधी चामड्याचा पट्टा चाकावरून उतरवायचा. मग हेड मागं कलतं करायचं. मागच्या बाजूला ज्या दोन बिजागऱ्यांवर ते बसलेलं असतं, त्यांचे स्क्रू हेडच्या बुडाशी असतात. ते पूर्ण काढू नका, नुसते ढिले करा, हेड सरळ वर उचललं जातं. या वेळी दुसरं माणूस पाहिजेच. "चाकाला धरून उचलायचं न्हाय बाई, मानंखाली हात घाल," आत्या दोनदा म्हणाली. एक हात मानेखाली, म्हणजे वरच्या कमानीखाली, दुसरा पाटाखाली.

त्यानंतरचं काम पाच मिनिटांचं, पण नेमकं तेच लोक टाळतात. सुई काढली. बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची डबी, काढून रुमालात बांधली आणि पर्समध्ये टाकली, कारण धक्क्यानं ती निसटून पडली तर तशीच बसणारी दुसरी शोधत हिंडावं लागतं. जाड सुती कापडाची चौपदरी घडी कापड सरकवणाऱ्या दात्यांवर ठेवून कापड दाबणारा फूट त्यावर खाली सोडला आणि चाक हातानं फिरवून सुईची दांडीही खाली आणली. आता गाडी कितीही हलली तरी फूट आणि दाते एकमेकांवर आपटणार नाहीत. शेवटी चाक दोरीनं मानेला बांधलं, म्हणजे ते आपोआप फिरायला नको. आदल्या दिवशी तेल घालू नका. मीही घातलं नाही, बुडाचं जुनं तेल तेवढं फडक्यानं टिपून घेतलं.

गुंडाळायला आत्यानं वाकळ दिली. याच मशीनवर शिवलेली, जुन्या लुगड्यांची. पावसाचे दिवस होते, तरी प्लास्टिक थेट मशीनला लावलं नाही, आत दमट हवा कोंडून गंज धरतो. आधी वाकळ, मग लाकडी खोकं, सगळ्यात बाहेर प्लास्टिक. खोक्यात मोकळ्या राहिलेल्या जागी जुन्या साड्या गच्च कोंबल्या. चाकाची बाजू कुठली ते खडूनं खोक्यावर लिहिलं. वर बाण काढला तोही मोठा.

महालक्ष्मी एक्सप्रेस संध्याकाळनंतर कोल्हापूरहून सुटते. गाडी इथूनच निघत असल्यामुळे चढायला सवड मिळते, त्यासाठी लवकर जा. थर्ड एसीत आणि स्लीपरमध्ये माणशी 40 किलो सामान मोफत नेता येतं, हेड 10-12 किलोचं, त्यामुळे वजनाचा प्रश्न नव्हता. अडचण उंचीची आली. खोकं बाकाखाली जाईना. आडवं केलं असतं तर गेलं असतं, पण मी केलं नाही. खालच्या बाकाशी खिडकीला टेकवून उभंच ठेवलं आणि रात्रभर पाय त्याला लावून झोपले. तुम्ही निघण्याआधी खोकं मोजून घ्या आणि बर्थ खालचाच मागा.

कल्याणला गाडी फार थांबत नाही. कर्जत गेलं की खोकं दारापाशी आणून ठेवा आणि उतरवून घ्यायला फलाटावर कुणाला तरी बोलावून ठेवा. माझा भाऊ आला होता. हमालाला मी डोक्यावर घेऊ दिलं नाही, दोघांनी दोन बाजूंनी धरून नेलं.

स्टँड आठवड्यानं ट्रान्सपोर्टनं आलं. पाठवताना खण काढून ठेवला होता आणि खालचं पायडल सुतळीनं चौकटीला घट्ट बांधलं होतं. मोकळं पायडल झोके खात राहतं आणि त्याचा दांडा निखळतो.

जोडल्यावर लगेच पाय मारू नका. सगळ्या भोकांत मशीनचं तेल दोन-दोन थेंब घाला. खोबरेल नको, ते आत चिकटून बसतं. मग बॉबिन केस बसवा, नवी सुई लावा, चाक हातानं आपल्याकडे दहा-बारा वेळा फिरवा आणि सुई पट्टीच्या भोकात मधोमध उतरते का ते बघा. आमची उतरली. पट्टा मात्र सैल पडला होता, एक बोट कापून पुन्हा जोडला. पहिली शिलाई वाकळीच्या एका उसवलेल्या कोपऱ्यावर घातली आणि तिचा फोटो आत्याला पाठवला. तिचा लगेच फोन आला, "टाका बारीक ठेव, मोठा झालाय."