बार्बोचे फोटो

आज सुट्टी आणि बाहेर रिपरिप पाऊस. मारियस बार्बो या कॅनेडियन मानववंशशास्त्रज्ञाचे जुने फोटो सहज लॅपटॉपवर बघायला बसले, आणि चहा तसाच गार झाला.

१९२०च्या दशकात हा माणूस कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात स्कीना आणि नास नद्यांच्या काठची गावं फिरला. तिथल्या मूळ रहिवाशांचे सीडरच्या लाकडाचे उंचच उंच टोटेम खांब, त्यांवर कावळा, लांडगा, गरुड, किलर व्हेल कोरलेले. हे देवबिव नाहीत हं (मलाही आधी तसंच वाटायचं). ही घराण्यांची चिन्हं. कूळ कुठलं, मान कुणाचा, कोण गेलं, सगळं लाकडात.

मी मात्र खांबापायी बसलेल्या पोरांकडेच बघत राहिले. एकाची टोपी पार डोळ्यांवर आलेली. त्या काळात पॉटलॅचवर, म्हणजे खांब उभारताना व्हायचा त्या गावजेवण आणि दानाच्या सोहळ्यावर, सरकारची बंदी होती. ती उठली १९५१ साली!

पुढे वाचलं आणि बार्बोचा रागच आला. १९२९मध्ये नास नदीकाठच्या निस्गा लोकांचा ११ मीटर उंच स्मृतिखांब, माणसं शिकारीसाठी गावाबाहेर असताना, त्याने परस्पर काढून नेला आणि एडिनबराच्या संग्रहालयाला विकला. २०२३मध्ये तो विमानाने घरी परतला.

त्या फोटोखाली गावाचं नाव आहे, पोरांची नाहीत. आईला पाठवला. तिचं उत्तर आलं, "टोपी मोठ्या भावाची दिसतेय."