कंपनीचे व्हॉलंटियर येणार असतील तर आधी काय ठरवायचं

सप्टेंबर लागला की संस्थांच्या मेलबॉक्समध्ये एकाच छापाचे मेल यायला लागतात, "आमचे ८० जण आहेत, शुक्रवारी अर्धा दिवस वेळ आहे, काही ॲक्टिव्हिटी होईल का?" २ ते ८ ऑक्टोबर दान उत्सव, म्हणजे देण्याचा आठवडा, असतो ना, मग ५ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन, आणि मार्चमध्ये तर वर्षच संपत असतं. पुण्यातल्या एका छोट्या शिक्षणसंस्थेत मी हेच काम बघते, कंपन्यांशी बोलणं, व्हॉलंटियर जोडणं, आणि नवीन संस्थांमधली मंडळी सारखी विचारतात की सुरुवात कुठून करायची, म्हणून लिहितेय.

आधी कायद्याचं उरकून घेते. कंपनी कायद्याचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करावे लागतात. पण कर्मचाऱ्यांनी दिलेले तास पैशात मोजून या २ टक्क्यांत दाखवता येत नाहीत, हे सरकारने स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे खूप ठिकाणी व्हॉलंटियरिंग एचआर बघतं आणि सीएसआरचा पैसा दुसरी टीम बघते, दोघांचं बजेट वेगळं, साहेब वेगळे. "व्हॉलंटियर येऊ देत, मागून फंडिंग येईलच" या आशेवर कितीतरी संस्था वर्षानुवर्षं इव्हेंट करत बसतात. म्हणून पहिल्याच मीटिंगमध्ये सरळ विचारा की तुम्ही कुठल्या टीमचे आणि सीएसआरवाल्यांशी एकदा गाठ घालून द्याल का. आणि हो, सीएसआरचे प्रोजेक्ट राबवायचे तर सीएसआर-१ या सरकारी फॉर्मने संस्थेची नोंदणी लागते, २०२१ पासून सक्तीची आहे, ती आधीच करून ठेवा.

आता मला मनापासून सांगायचंय ते. पाहुण्यांसाठी काम तयार करू नका, जे काम त्यांच्याशिवायही चालूच आहे त्यात त्यांना घ्या.

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावांमधल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, १ मे २०१८ ला शहरातून हजारो माणसं गावागावांत श्रमदानाला गेली, जलमित्र म्हणून. त्यातल्या कित्येकांनी आयुष्यात कधी टिकाव हातात धरला नसेल, तरी त्यांचं काम वाया गेलं नाही, कारण गावातल्या लोकांनी आधी ट्रेनिंग घेतलेलं होतं, स्पर्धा ८ एप्रिलपासून सुरू होती, चर कुठे आणि किती खोदायचे ते गावाला माहीत होतं आणि हे पाहुणे परत गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गाव पुन्हा त्याच शिवारात उभं राहणार होतं. मला कुठल्याही कंपनीच्या टीमला समजवायचं असेल तर मी हेच उदाहरण देते.

याच्या उलट शाळेची भिंत रंगवणं बघा. मुख्याध्यापकांची परवानगी, आमच्या दोन ताया दोन दिवस अडकलेल्या, वर्ग बंद, आणि भिंतीला रंगाची गरज आहे का हे कुणी विचारलेलंच नसतं. वृक्षारोपणाचंही तेच, जुलैत खड्डे आणि फोटो होतात, एप्रिल-मेमध्ये पाणी कोण घालणार हे ज्या मेलमध्ये लिहिलेलं नसतं त्याला मी हो म्हणत नाही.

आम्हाला ८० जण एकदा येण्यापेक्षा ६ जण एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी, निदान ४ महिने, हे जास्त उपयोगी पडतं. टाटा समूहाच्या प्रोएंगेजमध्ये २०१४ पासून हेच होतंय, कर्मचारी काही महिने वीकेंडला एखाद्या संस्थेचा ठरलेला प्रोजेक्ट करतात. आमच्याकडे हजेरीच्या एक्सेल शीट नीट लावून देणारा माणूस हवा असतो, हिशेब बघणारा हवा असतो आणि सगळ्यात जास्त म्हणजे बारावीनंतरच्या मुलींचे मॉक इंटरव्ह्यू, म्हणजे नोकरीच्या सरावाच्या मुलाखती, घेणारे. हे मॉक इंटरव्ह्यू म्हणजे सोनं आहे खरंच! कारण मुली तिथे असे प्रश्न विचारतात जे आम्हाला कधी विचारत नाहीत, नाईट शिफ्ट असली तर घरी सोडायला गाडी येते का, पहिला पगार किती मागायचा, इंग्लिश अडलं तर मराठीत बोललं तर चालतं का. त्यांना उत्तर देणारी ताई स्वतः रोज ते ऑफिस बघत असते, ते आमच्या ट्रेनिंगमध्ये कुठून येणार.

पैशाचं बोलायला लाजू नका. व्हॉलंटियर फुकट येतात, पण त्यांचं ओरिएंटेशन, साहित्य, आपल्या माणसांचा वेळ हे फुकट नसतं, तो खर्च प्रपोजलमध्ये वेगळी ओळ करून लिहा. चांगल्या कंपन्या देतात, ज्या अजिबातच द्यायला तयार नसतात त्यांना नम्रपणे नाही म्हणता येतं. मुलांसोबत काम असेल तर मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय नाहीत आणि व्हॉलंटियर एकटा मुलासोबत थांबणार नाही, हे एमओयूमध्ये (कंपनीशी होणाऱ्या करारात) लेखी, यात सवलत कुणालाच नाही, कितीही मोठी कंपनी असो.

अजून एक, कंपनीतला तुमचा माणूस कधीतरी नोकरी बदलतो आणि सगळं संबंधाचं काम पुन्हा शून्यावर येतं, तेव्हा सुरुवातीपासून दोघांशी ओळख ठेवा, एक एचआरमधला आणि एक नेहमी येणाऱ्या व्हॉलंटियरपैकी. हा दुसरा माणूसच पुढे आपल्या बाजूने बोलतो, असा माझा अनुभव आहे.

प्रपोजलचा जो एक पानी नमुना आम्ही वापरतो तो कुणाला हवा असेल तर सांगा, संस्थेचं नाव काढून पाठवते.