बोअर नाही, हिरमुसले!

आज शाळेतून आल्या आल्या लेकीने दप्तर सोफ्यावर भिरकावलं आणि अर्धी पोळी तशीच असलेला डबा ओट्यावर आदळला. काय झालं? "बोअर झालं." हिचं सगळंच बोअर. पोटात दुखलं तरी बोअर, मैत्रिणीने कट्टी केली तरी बोअर. वय वर्षं 6!

एरवी मी ओरडलेच असते. (खोटं कशाला सांगू, तोंड उघडलंही होतं.) पण कुकरच्या अजून दोन शिट्ट्या व्हायच्या होत्या. तिला ओट्यावर बसवलं, विचारलं, "राग आलाय की रुसली आहेस?"

"फरक काय?"

राग कुणाचाही येतो, रुसतो मात्र आपल्याच माणसावर, असं काहीतरी सांगितलं. मग चिडचिड, हेवा, धास्ती, हिरमुसणं... एवढे शब्द घरात पडून, आणि मी तिला रोज देते काय, तर 'रडू नकोस'.

'हिरमुसणं' तिने दोनदा पुटपुटून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "गॅदरिंगच्या नाचात मला मागच्या रांगेत टाकलं. मी हिरमुसले."

शिट्ट्या किती झाल्या कुणास ठाऊक. वरणाचा पार गाळ झाला.

रात्री बाबा ट्रॅफिकमधून घरी आला, तर दारातच विचारते, "बाबा, तू चिडलायस की नुसता वैतागलायस?"