पाच कोड, दोन बिघाड

माझी गाडी २०१२ची. पेट्रोल, चार सिलिंडर, लाखाच्या वर धावलेली, आणि सगळा जन्म गोव्यातल्या मांद्र्याच्या खाऱ्या हवेत उभी. गेल्या पावसाळ्यात ती न्यूट्रलमध्ये थरथरायला लागली आणि शिवोलीचा पूल चढताना झटके देऊ लागली. मिसिंग आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल मध्येच पेटत नाहीये, हे कुणीही सांगितलं असतं. चेक इंजिनचा दिवा आधी नुसता पेटलेला असायचा. पुलावर तो लुकलुकायला लागला तेव्हा मात्र मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. दिवा लुकलुकतो म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागापर्यंत, पोचून तिथे जळतंय. तसंच दामटत राहिलं तर कन्व्हर्टर तापून आतून वितळतो, आणि तो भाग खिशाला चांगलाच जड जातो.

म्हापशातल्या एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या बिघाडांचे नंबर, निघाले पाच. पी०३०० म्हणजे सगळीकडे विखुरलेलं मिसिंग, पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग, पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी०१३५ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरची लाइन, पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. समोर बदलायच्या पार्टची यादी ठेवली गेली: चारही कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारे), प्लग, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोल पंप 'बहुतेक', अल्टरनेटर 'खोलून बघू'. जितके कोड तितके पार्ट. आकडा ऐकला आणि गाडी घेऊन घरी आलो.

कोड पार्ट खराब झाला असं सांगत नाही, कुठली लाइन किंवा कुठलं मोजमाप बिघडलंय एवढंच सांगतो. मिसिंगचंच घ्या. ठिणगी पडली की नाही हे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, थेट दिसत नाही. क्रँकशाफ्टचा वेग एखाद्या सिलिंडरच्या पाळीला किंचित मंदावला की तो मिसिंग धरतो. (पावसाळ्यातल्या आमच्या खड्ड्यांनीही तो कधी कधी फसू शकतो.) शिवाय सिलिंडर पेटलाच नाही तर त्यातला न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातो आणि सेन्सर म्हणतो, पेट्रोल कमी पडतंय. म्हणजे पी०१७१ हे मिसिंगचं कारण असू शकतं आणि परिणामही.

मी मोबाइलला जोडायचा ब्लूटूथवाला ओबीडी ॲडॅप्टर (गाडीचे कोड वाचणारं छोटं यंत्र) घेतला. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम उतरवून घेतली, म्हणजे कोड पडला त्या क्षणी इंजिन काय करत होतं त्याची नोंद. कोड पुसले की तीही जाते. मिसिंग पडलं तेव्हा इंजिन गरम होतं आणि आरपीएम न्यूट्रलचा. मग दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल केली. कॉइल खराब असती तर कोड पी०३०३ झाला असता. झाला नाही, मिसिंग दोन नंबरवरच राहिलं. कॉइल यादीतून गेले.

जवळच्या पार्स्यात एक मेस्त, म्हणजे मेकॅनिक, आहेत, मूळचे बांद्याचे. पत्र्याच्या शेडखाली काम करतात. त्यांनी पाचही कोड ऐकून घेतले आणि म्हणाले, "आधी अर्थिंग बघूया. नायतर सेन्सर बदलीत रवतलास."

लेकीला चावी फिरवायला बसवलं. मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल इंजिनच्या ब्लॉकवर. सेल्फ मारताना हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. आमच्याकडे जवळजवळ एक व्होल्ट. मेस्तांनी गिअरबॉक्सजवळचा अर्थिंगचा, म्हणजे इंजिनातून करंट परत नेणारा, पट्टा सोडवला. वरून काळा, धडधाकट दिसत होता. त्याच्या टोकाचा लग (बोल्टखाली बसणारी कडी) उलटा केला तर खाली हिरवट-पांढरं किटण, नखाने खरवडलं की पीठ पडावं तसं. विणलेल्या तारांपैकी निम्म्या हाताने मोडल्या. पट्टा नवा टाकला, टेकायची जागा पॉलिश पेपरने घासली, वर पेट्रोलियम जेली. पी०५६२ आणि पी०१३५ पुन्हा आलेच नाहीत. सेन्सरचा हीटर ठीकच होता, त्याला पुरेसं व्होल्टेज मिळत नव्हतं.

थरथर मात्र तशीच. आता फ्युएल ट्रिम बघायचे, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते. शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे हळूहळू साठत गेलेली. न्यूट्रलला लाँग टर्म ट्रिम अधिक २२, आणि २५०० आरपीएमला शॉर्ट आणि लाँग मिळून ५-६च्या आसपास. इथेच उत्तर मिळालं. पंप कमजोर असता तर ताण वाढल्यावर ट्रिम वाढला असता. हवा कुठून तरी चोरून आत शिरत असेल तर उलट होतं: न्यूट्रलला इंजिन मुळात थोडीच हवा ओढतं, त्यात ती चोरटी हवा भारी पडते. वेग वाढला की एकूण हवेत तिचं काही चालत नाही.

मेस्तांनी इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीच्या, सांध्यावर साबणाचं पाणी फवारायला सुरुवात केली. कार्ब क्लीनरनेही हे करतात, पण गरम इंजिनावर तो पेट घेऊ शकतो, म्हणून त्यांना तो आवडत नाही. एक नंबरला काही नाही. दोन नंबरच्या खालच्या कडेला पाणी आत ओढलं गेलं आणि थरथर क्षणभर थांबली. गॅस्केट कडक होऊन तिथेच चिरलं होतं. सगळ्यात जास्त जादा हवा दोन नंबरला, उरलेली थोडीथोडी शेजाऱ्यांना. पी०३०२, पी०३०० आणि पी०१७१ तिन्ही त्या चिरेतून आले होते.

गॅस्केट बदललं. प्लगचा गॅप वाढला होता म्हणून तेही बदलले, ते कधीतरी बदलायचेच होते. काही दिवस गाडी चालवल्यावर लाँग टर्म ट्रिम ३-४वर आला आणि पुलावर दिवा गप्प राहिला. अर्थिंगचा पट्टा, गॅस्केट, प्लग आणि मजुरी मिळून मेस्तांनी जे घेतलं त्यात म्हापशाच्या यादीतले दोन कॉइलही आले नसते.