दहा मिनिटं आणि एक छत्री

लेखनवर्गाच्या पहिल्याच दिवशी बाईंनी टेबलावर एक जुनी काळी छत्री ठेवली. दहा मिनिटांत तिचं वर्णन करायचं, पेन थांबवायचं नाही. मी भराभर लिहिलं. शाळेत निबंधाला चांगले मार्क पडायचे, त्यामुळे 'काळाच्या ओघात', 'मूक साक्षीदार', 'जणू काही' हे सगळं हाताशी होतंच. वाचून झाल्यावर बाईंनी विचारलं, "छत्रीच्या जागी पडकी भिंत ठेवली, तर यातलं काय बदलावं लागेल?" काहीच नाही. घरी जाईपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं.

पुढच्या आठवड्यात फळ्यावर बंदी घातलेले शब्द आले : सुंदर, मनमोहक, विलोभनीय, अप्रतिम. आधी हातच बांधल्यासारखं झालं. मग लक्षात आलं, विशेषण गेलं की सगळा भार क्रियापदावर येतो. पाणी नुसतं 'वाहत' नाही. ते खळखळतं, ठिबकतं, झिरपतं, पाझरतं, डचमळतं, आणि प्रत्येक वेळी ते वेगळंच पाणी असतं. हे शब्द मी लहानपणापासून बोलत आले होते, पण लिहायला बसले की ते साधे वाटायचे आणि मी छापील शब्दांकडे वळायचे.

सगळ्यात अवघड गेला तो वासाचा सराव. डोळे मिटून खोलीतला वास ओळखायचा आणि लिहायचा. 'वास येत होता' याच्या पुढे कुणाचीच गाडी सरकेना. मग सगळ्यांनी मिळून शब्द आठवले : कुबट, खवट, करपट, उग्र, कुजकट. त्यातला तो शेवटचा 'ट' बाईंनी अधोरेखित केला आणि आम्ही रंगांवर गेलो : पिवळट, काळपट, हिरवट, मातकट. पिवळा कागद आणि पिवळट कागद यांत किती वर्षांचा फरक आहे! त्या दिवशी मला माझ्या भाषेचा फार अभिमान वाटला.

सातव्या-आठव्या आठवड्यात मात्र सगळं आटलं. रोज पाच ओळींची वही चालू होती, पण लिहिलेलं मलाच वाचवेना. वर्ग सोडायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात नवा सराव आला : एकच खोली दोघांच्या नजरेतून लिहायची. एक कुणाची तरी वाट पाहतोय, दुसरा ती खोली कायमची सोडून चाललाय. वाट, निरोप, दुःख, आनंद यांतला एकही शब्द वापरायचा नाही. मी तीनदा खोडलं. चौथ्यांदा वाट पाहणाऱ्याला फक्त जिन्यावरचे आवाज ऐकू आले आणि जाणाऱ्याला भिंतीवरचे खिळे दिसले, ज्यांवर आता काहीच टांगलेलं नव्हतं. वाचताना माझाच आवाज कापला. वर्ग सोडायचा विषय तिथेच संपला.

बाराव्या आठवड्यात तीच छत्री पुन्हा टेबलावर आली. यावेळी मी पहिली दोन मिनिटं काही लिहिलंच नाही, नुसती पाहत बसले. एक काडी मोडली होती आणि ती लाल दोऱ्याने बांधलेली होती. गाठ बारीक, नीट, घाई न करता मारलेली. पहिल्या दिवशीही तो दोरा तिथेच असणार.

मी तेवढंच वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, "कुणी बांधला असेल? दहा मिनिटं."