तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरचा फोटो

पालक विचारतात, मुलं विचारतात, परवा पाण्याचा जार ठेवायला आलेल्यानंही विचारलं. "सर, तलवारबाजीच्या हॉलमध्ये हा मिलिटरीवाला कोण?" नाव सांगितलं की पुढचं ठरलेलं. "पॅटन? म्हणजे दवाखान्यातल्या सैनिकांना थोबाडीत मारणारा?"

हो, तोच, दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी जनरल. सिसिली, ऑगस्ट १९४३, आठवड्याच्या अंतरानं दोघांना. मी आजवर सांगत आलो की माझा पॅटन तो नव्हे. माझा १९१२ चा, सव्वीस वर्षांचा, घोडदळातला लेफ्टनंट. स्टॉकहोम ऑलिंपिकच्या पहिल्यावहिल्या मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये (पिस्तूल, पोहणं, तलवारबाजी, घोडेस्वारी, धावणं अशी पाच खेळांची स्पर्धा) इपी, म्हणजे टोकानं भोसकायची तलवार, घेऊन उतरलेला, फ्रान्सच्या मास लात्रीला हरवणारा. पुढच्याच वर्षी त्यानं अमेरिकी घोडदळासाठी सरळ पात्याची तलवार आखली. कापू नका, भोसका, असं त्याचं म्हणणं. मीही दिवसभर तेच ओरडत असतो.

पण मुलांना मी सांगायचो ती गोष्ट त्याच स्पर्धेतल्या पिस्तुलाची. बहुतेकांकडे पॉइंट बावीस, याच्याकडे पॉइंट अडतीस. कागदाला मोठाली भोकं पडली. पंच म्हणाले, एक गोळी निशाणाबाहेर गेली. हा म्हणाला, आधीच्याच भोकातून गेली. पंचांनी मानलं नाही. एकूण पाचवा आला, पुढचे चारही स्वीडनचे. मी छातीठोक सांगायचो, गोळी भोकातूनच गेली! पुरावा? शून्य.

आता माझं. जिल्ह्याची स्पर्धा, इपीची लढत, १४-१४, म्हणजे पुढचा टच घेईल तो जिंकणार. आमच्या मुलानं हात लांबवला, टोक समोरच्याच्या मनगटावर बसलं असं तो म्हणतो. टोक दाबलं गेलं की यंत्रावर लाइट लागते; त्याची लागली नाही, समोरच्याची लागली. "हत्यार तपासा" म्हणायचं सोडून यानं मास्क काढून पिस्टवर, म्हणजे लढतीच्या पट्टीवर, आपटला. ब्लॅक कार्ड मिळून तो स्पर्धेबाहेर जाईल या भीतीनं मी त्याला बाजूला ओढलं आणि सगळ्यांसमोर एक ठेवून दिली. "लागलाच नाही तुझा टच!" असंही वर म्हणालो. पंधरा वर्षांचा मुलगा. रडला नाही. किट तिथंच टाकून गेला.

शिस्त लावायलाच हवी होती, हे मी आजही म्हणेन. मास्क आपटणं चूकच. आणि तपासणी झाली असती तरी त्याला टच मिळाला नसता, फार तर समोरच्याचा रद्द झाला असता. नियमच तसा आहे.

रात्री घरी त्याच्या इपीला मीटर लावला. वायर टोकापाशी तुटलेली.

शंभर वर्षांपूर्वीच्या गोळीवर माझा विश्वास बसला, चार फुटांवरच्या पोरावर नाही. तेव्हापासून १९१२ चा वेगळा आणि १९४३ चा वेगळा, हे मला म्हणवत नाही. मग फोटो का काढत नाही? दोनदा स्टूल घेतलं होतं.

इपी माझ्याकडेच आहे. वायर नवीन टाकलीय. त्याच्या आईचा नंबरही आहे.