शाळा कुणी कुणाची घेतली?

रविवार. खानापूरहून ताई आणि सातवीतली भाची आली, परवा तिची चाचणी. भूगोल झटक्यात उरकला: मलप्रभा आणि म्हादई, दोघी खानापूर तालुक्यातल्याच. पण एक कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात, दुसरी गोव्यातून अरबी समुद्रात. मधला डोंगर म्हणजे जलविभाजक.

विज्ञानात मी ऐटीत म्हटलं, पाणी १०० अंशांना उकळतं.

"मामा, ते समुद्रसपाटीला! बेळगाव साधारण ७५० मीटरवर, हवेचा दाब कमी, म्हणून ९७-९८लाच उकळतंय की."

(चहा मात्र झकास झालेला.)

मग गणित. पाव किलो कुंदा, तिघांत वाटा. ८३.३३३... पुढचे तीन संपेनातच. तिनं कागदाला चिकटलेला कुंदा बोटानं निपटला. "हे उरलेले तीन माझे."

कन्नड व्याकरण ताईकडं ढकललं.